जावयाची पिवळी रेघ

तळवड्याच्या चौकातून आत वळलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान लागतं. त्याला पाटी नाही. ज्याला काम येत नाही त्याला पाटी लागते, असं नवनाथ मिस्त्रीचं म्हणणं. आष्टीकडून येऊन त्याला पंचवीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस या पत्र्याखाली गेली. गाड्या तर त्याने दुरुस्त केल्याच, पण खरा अभ्यास केला तो माणसाचा. माणूस किती येडा असू शकतो याला काही तळ आहे का, हे त्याला बघायचं होतं. अजून तळ लागला नव्हता.

पंधरा दिवसांमागे आयटी पार्कातला एक जण गाडी ढकलत आला. पेट्रोल संपलं होतं, एवढंच. नवनाथने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत बघून "हं... हं..." केलं आणि गंभीर तोंडाने म्हणाला, "साहेब, गाडीला अजून तुमची सवय नाही." तो पोरगा चक्क "थँक यू" म्हणाला. शेजारच्या चहावाल्या तानुबाईने हसू आवरता आवरता अर्धा पेला उकळता चहा स्वतःच्याच हातावर सांडून घेतला, आणि आठवडाभर नवनाथला त्याच्यावरून शिव्या घातल्या.

पण या वेळी जे येडं पदरी पडलं होतं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कारण ते दुकानाच्या मालकाचा जावई होतं.

दुकानाची जागा सोपानरावांची. तळवड्याचे जुने शेतकरी. शेताच्या आता बिल्डिंगा झाल्या, पण डोक्यावरची टोपी आणि दारातली जीप तेवढी राहिली. जीप चाळीस वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. दरवर्षी चंपाषष्ठीला सोपानराव त्याच जीपमधून निमगावच्या खंडोबाला जायचे. घरात तीन नव्या गाड्या होत्या, पण देवाला ही जीपच ठाऊक आहे, असं म्हणायचे. गेल्या साली जीपचा मूळचा कार्बोरेटर झिजून कामातून गेला. तसला आता मिळत नाही. तेव्हा जावयाने, म्हणजे गणराजने, मोबाईलवरून एक मागवला आणि स्वतःच बसवला. डुप्लिकेट म्हणा, नवीन कंपनीचा म्हणा. दिसायला चकचकीत, वजनाला हलका, जस्ताचा.

बसवल्यापासून तो गळायला लागला.

थेंब थेंब पेट्रोल. कार्बोरेटरचं झाकण जिथे बसतं त्या फटीतून पाझरायचं, ओघळून खाली यायचं. सोपानरावांच्या बिल्डिंगीखालच्या ओसरीला पेट्रोल पंपाचा वास यायला लागला. बायकोने ओसरीवर सांजवात लावायची सोडली. "देवाला दिवा लावू का घराला, ते आधी ठरवा," म्हणाली.

हा गणराज चाकणला एका कंपनीत क्वालिटी हेड होता. कंपनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायची. नवनाथ त्याला पाठीमागे 'बिजागरी' म्हणायचा. गणराज सासऱ्याच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, सुट्टीच्या दिवशीही गळ्यात कंपनीचं आयकार्ड घालायचा, आणि कुठल्याही प्रश्नाला पाच वेळा 'का' विचारायचा. कंपनीत तसं शिकवलेलं असतं. बायकोने एकदा सांगितलं की दूध नासलं, तर पाचव्या 'का'ला ती माहेरी निघून गेली. माहेर पहिल्या मजल्यावर असल्यामुळे संसार वाचला.

त्याच्या मनात या पत्र्याच्या दुकानाच्या जागी गाड्या चकाचक करायचा एसी स्टुडिओ काढायचं होतं. सासऱ्याला त्याने लॅपटॉपवर चित्रंसुद्धा दाखवली होती. चित्रात दुकानासमोर नारळाची झाडं होती. तळवड्यात.

सोपानरावांनी चित्रं बघितली आणि लॅपटॉप मिटून परत दिला. पण नवनाथने पहिल्यांदा दुरुस्त केलेली जीप चौथ्या दिवशी परत गळायला लागली. दुसऱ्यांदा दुरुस्त केली, ती तिसऱ्याच दिवशी गळली. तेव्हा म्हातारा स्वतः चालत दुकानावर आला. गणराज मागे होताच.

"नवनाथा," सोपानराव खुर्चीवर बसत म्हणाले, "येत्या आयतवारी बघायचं. घंटाभर गाडी चालू, घंटाभर बंद, खाली पुठ्ठा. पुठ्ठ्यावर थेंब दिसला, तर दुकान जावयबापूंना. न्हाई दिसला, तर तू हाईस तिथं ऱ्हा. पुन्यांदा इषय न्हाई."

"अण्णा, एकोणीस वर्षं..."

"म्हून तर एक आयतवार देतूय. दुसऱ्या कुनाला दिला नसता."

गणराज म्हणाला, "मिस्त्री, हे पर्सनली घेऊ नका. रूट कॉज आपल्याला मिळालेलं नाही, एवढंच."

"मिळंल की साहेब," नवनाथ म्हणाला. "कुठं जातंय."

ते गेल्यावर तानुबाई चहाचा पेला घेऊन आली. हातावरचा डाग अजून तांबडा होता. "आता कर मस्करी," ती म्हणाली. "पोरीची बारावी हाय यंदा तुझ्या. रस्त्यावर पाने मांडून बसनार का?"

नवनाथने चहा तसाच ठेवला. हे बघून तानुबाई घाबरली, कारण नवनाथ चहाला थंड होऊ द्यायचा म्हणजे काहीतरी खरंच बिघडलेलं असायचं.

त्याने जीप आत घेतली आणि कार्बोरेटर उतरवला. काम सोपं असतं. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते. वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. संडासाच्या टाकीत असतं तेच, फक्त लहान. सुईत कचरा गेला, फ्लोटला भोक पडलं, तर पेट्रोल उतू जातं. नवनाथने दोन्ही वेळा सुई साफ केली होती, फ्लोट पाण्यात बुडवून बघितला होता. सगळं ठीक होतं. मग झाकणाच्या फटीतून पाझरतंय कशाला?

झाकणाचे सहा स्क्रू तो काढायला गेला आणि थबकला.

प्रत्येक स्क्रूवर पिवळी रेघ होती. बारीक, सरळ, स्क्रूच्या डोक्यावरून झाकणावर उतरलेली. सहाच्या सहा. पट्टीने मारल्यासारख्या.

मागच्या दोन्ही खेपेला ती नव्हती, आणि नवनाथने तर ही रेघ कधीच मारली नव्हती. पण ती कुठली हे त्याला पक्कं माहीत होतं. चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत जा, बोल्ट किती आवळायचा त्याचं माप ठरलेलं असतं. त्यासाठी खास पाना असतो. माप झालं की पाना 'टक' करतो. टक झालं की बोल्टवर पिवळी रेघ मारायची. म्हणजे हा आवळला, याला आता कुणी हात लावू नये. रेघ असलेल्या बोल्टला पाना लावला तर नोटीस मिळते म्हणतात. त्यांचा देवच आहे तो.

त्याने झाकण काढलं. तानुबाईच्या दुकानातली बिस्किटांच्या बरण्यांखालची काच उचलली, ती बोंबलत असतानाच उचलली, आणि झाकण त्या काचेवर पालथं ठेवलं. काच सपाट, झाकण मात्र डुगडुगलं. त्याने खिशातलं पीएमपी बसचं तिकीट काढून फटीत सरकवलं. तिकीट आरपार गेलं.

"आई शप्पथ," नवनाथ म्हणाला.

सगळा उलगडा झाला. तो काम करून द्यायचा. जीप कोरडी घरी जायची. मग बिजागरी संध्याकाळी कंपनीतून येताना तो टक करणारा पाना घेऊन यायचा आणि झाकणाचे स्क्रू मापाप्रमाणे आवळायचा. कंपनीतलं माप पोलादी बोल्टचं असतं. हे बिचारं जस्ताचं झाकण. टोकांना आवळलं की मधून फुगतं, पापडासारखं. मग गळणार नाही तर काय आरती म्हणणार?

नवनाथ तडक बिल्डिंगीत गेला. गणराज खालीच भेटला, गाडीतून लॅपटॉपची बॅग काढत होता.

"साहेब, जीपच्या कार्बोरेटरला तुम्ही हात लावला काय?"

"अर्थात," गणराज म्हणाला. लपवायचं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. "तुमचे सगळे स्क्रू अनमार्क्ड होते. टॉर्क मी दर वेळी करत होतो, मार्किंग तेवढं या वेळी केलं. टॉर्क केल्याशिवाय मी फास्टनर सोडत नाही. तुम्ही काय, अंदाजाने आवळता?"

"हाताने आवळतो. दोन बोटांनी. वाकलंय झाकण साहेब, तुमच्या पान्यानं."

"माझा रेंच कॅलिब्रेटेड आहे. सर्टिफिकेट आहे. सहा एमएमच्या स्क्रूला दहा न्यूटन-मीटर, असं चार्टमध्ये आहे."

"चार्ट लोखंडाचा हाय. हे जस्त हाय. ह्याला तीन-चारच्या वर गेलं की..."

"असं कुठे लिहिलंय? तुमच्याकडे डॉक्युमेंट आहे का?"

नवनाथने आपले काळे हात पुढे केले. "हे दोन हायत."

गणराज हसला. असा हसला, जणू समोरचा चिखलात उभा आहे आणि आपण गॅलरीत. "मिस्त्री, दोनदा फेल तुमचं रिपेअर गेलंय. माझं टॉर्किंग नाही. शनिवारी फायनल चेक मी स्वतः करणार आहे. एकही अनमार्क्ड स्क्रू मला चालणार नाही."

नवनाथ पहिल्या मजल्यावर सोपानरावांकडे गेला. त्यांना सगळं सांगितलं, झाकणही दाखवलं. म्हाताऱ्याने झाकण उलटंपालटं करून बघितलं. मग ते परत नवनाथच्या हातात दिलं.

"जावई हाय," शेवटी म्हणाला. "पोरगी दिलीय. त्याला मी तोंडावर कसा म्हनू, की बाबा तुला कळत न्हाई? आमच्यात न्हाई तसं. तू तुझं बघ."

"अण्णा, मी कितीही नीट केलं तरी तो शनिवारी पाना घेऊन येणार की."

"त्ये मी बंद करू शकत न्हाई," सोपानराव म्हणाले आणि टीव्ही लावला.

परत येताना नवनाथ रस्ताभर शिव्या देत होता. जावयाला, जावयाच्या पान्याला, त्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याला, आणि जावयापुढे शेळी होणाऱ्या एकूण एक सासऱ्यांना. तळवड्यातल्या बारा एकरांसाठी भर कोर्टात सख्ख्या भावाला आडवं केलेला हा माणूस, आणि एका बिजागरीपुढे याची दातखीळ बसते!

दोन दिवस त्याने काम केलं. काचेवर पॉलिश पेपर पसरला, त्यावर झाकण पालथं ठेवून आठाच्या आकड्यात घासत राहिला. थोडं घासायचं, पुसायचं, तिकीट सरकवून बघायचं. शुक्रवारी दुपारी तिकीट कुठूनच शिरेना. वाटीची कडही तशीच घासून घेतली. झाकण आणि वाटीच्या मध्ये बसतं ते कागदी गॅस्केट कात्रीने नवीन कापून बसवलं आणि सहा स्क्रू दोन बोटांच्या जोराने आवळले, आडवा-तिरपा क्रम धरून, जसे एकोणीस वर्षं आवळत आला होता. इंजिन चालू केलं. दीड तास ठेवलं. खाली पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

"झालं की मग," तानुबाई म्हणाली. "आता माझी काच दे."

"काय झालं? उद्या सकाळी तो येडपट येऊन परत पापड करणार ह्याचा."

"मग नको लावू देऊ हात."

"त्याच्या सासऱ्याची गाडी हाय मावशी. मी कोण त्याला आडवणारा? त्याला एकच गोष्ट आडवू शकते, ती म्हणजे..."

नवनाथ बोलता बोलता थांबला. तानुबाईच्या मागे फळीवर तिखट, मीठ, हळद अशा डब्यांची रांग होती. दुपारची ती कंपनीच्या पोरांना पोहे करून द्यायची. नवनाथ त्या रांगेकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं जे बघितलं की तानुबाई आधी आपल्या वस्तू आवरून ठेवायची.

"मावशी, चमचाभर हळद दे. आणि दोन थेंब गोडंतेल."

"कशाला? लगीन करतो काय कार्बोरेटरचं?"

"तसंच समज. हळद लागली की नवरदेवाला कोण हात लावतंय?"

शनिवारी सकाळी गणराज आला. हातात पान्याची निळी पेटी, छातीवर आयकार्ड. मागून सोपानराव, हातात काठी. नवनाथने बॉनेट उघडूनच ठेवलं होतं आणि आपण बाजूला हात बांधून उभा होता, शाळेत तपासनीस आल्यावर मास्तर उभा राहतो तसा.

गणराजने पेटी उघडली. पाना काढला. वाकला, आणि तसाच राहिला.

सहा स्क्रूंवर सहा पिवळ्या रेघा होत्या. बारीक, सरळ. डोक्यावरून झाकणावर उतरलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच की साहेब," नवनाथ नम्रपणे म्हणाला. त्याच्या नम्रपणाची सवय नसल्याने तानुबाईला शेजारी ठसका लागला. "तुमचं म्हणणं पटलं. दोन रात्री झोप न्हाई लागली. म्हटलं खरंच, काय अडाण्यासारखं अंदाजाने आवळत बसतो आपण. एक गिऱ्हाईक हाय निघोजेच्या कंपनीतलं, त्याचा पाना मागून आणला."

"कॅलिब्रेटेड?"

"सर्टिफिकेटवाला."

"टॉर्क किती दिला?"

"तुमच्या चार्टात हाय तेवढा. केसभर इकडं न्हाई, केसभर तिकडं न्हाई."

गणराजच्या हातात पाना होता. तो स्क्रूकडे बघत होता, मग पान्याकडे, मग परत स्क्रूकडे. हात शिवशिवत होता, ते दिसत होतं. नवनाथच्या चेहऱ्यावर भक्तिभाव.

"एकदा खात्री करून घेऊ का?" गणराज पुटपुटला.

"घ्या की साहेब," नवनाथ म्हणाला. "फक्त मला एक सांगा, अडाणी माणूस म्हणून इचारतो. रेघ मारलेल्याला परत पाना लावला, तर कंपनीत काय म्हणतात त्याला?"

गणराज सरळ उभा राहिला. "नॉन-कन्फॉर्मन्स," तो म्हणाला. "लावायचा नसतो. तोच तर मार्किंगचा उद्देश असतो." त्याने पाना पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि मोबाईल काढून सहाही रेघांचे फोटो काढले. एकेकाचा वेगळा, मग सगळ्यांचा मिळून. "व्हेरी गुड. हेच मी सांगत होतो. सिस्टीम असली की माणूस कोण आहे याने फरक पडत नाही."

"खरंय साहेब," नवनाथ म्हणाला. "माणूस कसलाबी चालतो."

रविवारी ठरल्याप्रमाणे पुठ्ठा अंथरला. सोपानरावांनी खुर्ची जीपच्या समोरच मांडली आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. घंटाभर इंजिन धडधडलं. चौकातली माणसं जमली. कुणी पैजा लावल्या, कुणी नुसतेच चहा पिऊन गेले. तानुबाईचा धंदा चांगला झाला. मग इंजिन बंद, आणि अजून एक घंटा. नवनाथ एरवी अशा वेळी चार जणांची चेष्टा करून मोकळा झाला असता. आज तो स्टुलावर बसून पुठ्ठ्याकडे बघत होता. गर्दीतल्या एका रिक्षावाल्याने त्याला चिडवायला पेल्यातलं पाणी पुठ्ठ्याशेजारी जमिनीवर टाकलं, तर नवनाथ असा उठला की तो रिक्षावाला रिक्षा तिथेच सोडून पळाला.

दोन घंटे झाले. सोपानरावांनी काठी टेकत पुठ्ठा उचलायला लावला. वास घेतला, उन्हात धरला, उलटा करून बघितला. कोरडा.

मग ते बॉनेटपाशी गेले. वाकले. नाक कार्बोरेटरजवळ नेलं. पेट्रोलचा वास नव्हता. पण दुसरा कसला तरी होता, कारण म्हातारा दोनदा हुंगला. त्याने बोट पुढे केलं आणि एका स्क्रूवरच्या रेघेवर फिरवलं. बोट पिवळं झालं.

नवनाथ स्टुलावरून उठला.

सोपानरावांनी बोट नाकाशी नेलं. वळून नवनाथकडे बघितलं. मग गणराजकडे. गणराज रिपोर्टसाठी पुठ्ठ्याचा फोटो काढत होता. मग म्हाताऱ्याने ते पिवळं बोट शांतपणे आपल्या कपाळाला लावलं, भंडारा लावतात तसं, आडवं, ठसठशीत.

"येळकोट येळकोट," ते म्हणाले. "खंडेरायाच्या मनात हाय. दुकान नवनाथचं. ह्या जागेचा इषय संपला."

गणराज पुढे आला. "बाबा, पण रिझल्ट माझ्या प्रोसेसमुळे आलाय. हे ऑन रेकॉर्ड..."

"व्हय की, जावयबापू! कोन न्हाई म्हनतंय?" सोपानराव म्हणाले. "तुमी सांगितलं म्हून तर ह्याला अक्कल आली. आरं, टावेल-टोपी आना! नारळ आना!"

आणि खरंच टॉवेल-टोपी आणली. भर चौकात, जीपच्या बॉनेटसमोर, गणराजला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात नवनाथने. गणराजचे डोळे पाणावले. आयकार्ड टॉवेलाखाली गेलं होतं ते त्याने हळूच वर काढलं, फोटोत दिसावं म्हणून.

नंतर तो नारळ सांभाळत नवनाथजवळ आला. आवाज खाली आणून, बरोबरीच्या माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "मिस्त्री, एक विचारायचं होतं. तो मार्कर कुठला वापरला तुम्ही? शेड फार सुंदर आलीय. आमचा लगेच फिका पडतो."

नवनाथने तोंड उघडलं, पण आतलं हसू बाहेर पडेल म्हणून परत मिटलं.

"सांगलीचा हाय," तानुबाई मागून म्हणाली.

गणराजने नारळ काखेत धरला, मोबाईल काढला आणि नीट लिहून घेतलं: व्हेंडर, सांगली.